रोबोट स्पर्धांमधील स्वयंचलित रोबोट : विद्यार्थी व पालकांसाठी माहिती

अनेक शासकीय व अनुदानित शाळांमध्ये आता अटल टिंकरिंग लॅब आहे. तेथे रोबोट तयार करणारी मुले तालुका, जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांमध्ये भाग घेतात. महागडे साहित्य असलेल्या शाळेपुढे आपल्या मुलांचा टिकाव लागणार नाही, अशी भीती पालकांना वाटते. स्वयंचलित रोबोटच्या स्पर्धेत मात्र साहित्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व आखणीला असते. ही आखणी कशी करावी, नियम कसे वाचावेत आणि शाळेतील प्रयोगशाळेचा लाभ कसा घ्यावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

अटल टिंकरिंग लॅब म्हणजे काय?

नीती आयोगांतर्गत २०१६ मध्ये अटल इनोव्हेशन मिशन सुरू झाले. त्यातून इयत्ता ६ वी ते १२ वीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब उभारल्या जातात.

- निवड झालेल्या शाळेला जास्तीत जास्त २० लाख रुपये अनुदान मिळते. त्यापैकी १० लाख रुपये उभारणीसाठी आणि १० लाख रुपये कमाल पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी असतात.
- प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्स, रोबोटिक्स, सेन्सर, त्रिमितीय प्रिंटर व हत्यारे असतात.
- देशात १०,००० अटल टिंकरिंग लॅब स्थापन झाल्या आहेत. पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये ५०,००० लॅब उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली.

हे अनुदान शाळेला मिळते, विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होत नाही. त्यामुळे ‘मुलाच्या नावाने लॅबचे अनुदान मिळवून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. लॅबमध्ये काम करण्यासाठी शाळेतील लॅब प्रभारी शिक्षकांना भेटावे. आपल्या शाळेत लॅब नसल्यास जवळच्या लॅब असलेल्या शाळेत चौकशी करावी. परिसरातील मुलांनाही लॅबचा उपयोग व्हावा, अशी या योजनेत अपेक्षा आहे.

स्वयंचलित रोबोट म्हणजे काय?

एकदा बटण दाबले की त्यानंतर माणसाच्या मदतीशिवाय काम करणारा रोबोट म्हणजे स्वयंचलित रोबोट. रिमोट, मोबाइल किंवा हाताचा धक्का यांपैकी काहीही चालत नाही. रोबोटने काय पाहावे, कुठे वळावे आणि चूक झाली तर काय करावे, हे सर्व मुलांनी आधीच प्रोग्राममध्ये लिहिलेले असते.

प्रमुख स्पर्धा

- वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड : ही स्पर्धा २००४ मध्ये सुरू झाली. २०१६ ची आंतरराष्ट्रीय अंतिम फेरी भारतात झाली. तिच्या रोबोमिशन प्रकारात २ किंवा ३ विद्यार्थ्यांचा संघ असतो आणि रोबोटला २ मिनिटांत कामे पूर्ण करायची असतात. सुरुवातीला रोबोट २५ सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीत मावला पाहिजे. काही वस्तूंच्या जागा रोबोट जमा केल्यानंतरच चिठ्ठीने ठरतात. स्पर्धेच्या दिवशी एखादा नवा नियमही जाहीर होऊ शकतो.
- फर्स्ट लेगो लीग चॅलेंज : एक सामना अडीच मिनिटांचा असतो. तीन सामन्यांपैकी सर्वाधिक गुणांचा सामना धरला जातो. घराबाहेर गेलेल्या रोबोटला हात लावून परत आणल्यास त्याची किंमत मोजावी लागते. या स्पर्धेत लेगोचेच साहित्य लागते.
- डीडी रोबोकॉन : दूरदर्शनशी जोडलेली ही स्पर्धा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. यातून आशिया-पॅसिफिक पातळीवरील एबीयू रोबोकॉनसाठी भारताचा संघ ठरतो. २००८ ची एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली, तेव्हा खेळाचा विषय दहीहंडीवर आधारित होता. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात झाली. त्या वर्षी माणसाने चालवलेला ‘पालक’ रोबोट आणि स्वतः हालचाल करणारा ‘बालक’ रोबोट अशी जोडी होती. पालक रोबोटने बालकाला खेळण्यापर्यंत न्यायचे.

जिंकून देणाऱ्या सोप्या युक्त्या

१. भिंतीला टेकून सरळ होणे. रोबोट निघताना फक्त १ अंश तिरका असला तर १ मीटर अंतरावर तो सुमारे पावणेदोन सेंटिमीटर बाजूला जातो. प्रत्येक वळणावर अशी चूक वाढत जाते. यावर उपाय म्हणजे मध्येच रोबोट हळू मागे नेऊन मैदानाच्या कडेच्या भिंतीला टेकवणे. रोबोटची मागची बाजू भिंतीला पूर्ण टेकली की दिशेची साठलेली चूक निघून जाते. यासाठी वेगळा सेन्सर लागत नाही. रोबोटची मागची बाजू सपाट असली की पुरे.

२. वेळ मोजू नये, चाकाचे फेरे मोजावेत. ‘३ सेकंद पुढे जा’ असा प्रोग्राम लिहिला तर बॅटरी उतरल्यावर रोबोट कमी अंतर जातो. त्याऐवजी चाकाचे फेरे मोजावेत. चाकाचा व्यास ५.६ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात रोबोट सुमारे १७.६ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे ८८ सेंटिमीटरसाठी ५ फेरे लागतात. मोटरला फेरे मोजण्याची सोय नसेल तर काळ्या रेषा व भिंती यांनाच खुणा मानून अंतर ठरवावे.

३. रेषेवरून नव्हे, रेषेच्या कडेवरून चालणे. एकच प्रकाश सेन्सर असेल तर काळ्या रेषेच्या मधोमध चालवलेल्या रोबोटला आपण डावीकडे सरकलो की उजवीकडे, हे कळत नाही. कडेवरून चालवल्यास कळते : जास्त पांढरे दिसले तर एका बाजूला वळायचे, जास्त काळे दिसले तर दुसऱ्या बाजूला. किती वळायचे हेही चुकीच्या प्रमाणात ठरवावे. थोडी चूक असेल तर थोडे, जास्त असेल तर जास्त. वळण्याचे प्रमाण फार ठेवले तर रोबोट झोकांड्या खातो. फार कमी ठेवले तर वळणावर रेषा सोडतो.

४. मैदानावर गेल्यावर सेन्सर पुन्हा जुळवणे. समजा शाळेत पांढऱ्या भागावर सेन्सरने ६० आणि काळ्यावर १० दाखवले. मधला आकडा ३५. आता स्पर्धेच्या सभागृहात प्रखर दिव्यांखाली पांढऱ्यावर ९० आणि काळ्यावर ३८ दिसते. प्रोग्राममध्ये ३५ च राहिले तर रोबोटला काळी रेषा कधीच ‘दिसणार’ नाही. म्हणून आकडा प्रोग्राममध्ये कायमचा लिहू नये. नियमात मिळणाऱ्या सरावाच्या वेळी पांढरा व काळा भाग मोजून मधला आकडा नव्याने ठरवावा. सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याची छोटी नळी लावल्यास बाहेरच्या उजेडाचा त्रास कमी होतो. नियमात असे साहित्य चालते का, ते मात्र आधी पाहावे.

५. मोटरऐवजी आकाराचा उपयोग. वस्तू गोळा करण्यासाठी प्रत्येक वेळी हलता हातच हवा असे नाही. समोर नरसाळ्यासारखी उघडी बाजू ठेवली की वस्तू आपोआप मध्ये सरकते आणि रोबोट एक-दोन सेंटिमीटर चुकला तरी चालते. आत ढकलले की उघडणारे, पण बाहेर न उघडणारे दार लावले तर वस्तू आत अडकून राहते. यामुळे एक मोटर वाचते आणि बिघाडही कमी होतात.

६. सुटकेचा मार्ग आधीच लिहून ठेवणे. ‘काळी रेषा दिसेपर्यंत पुढे जा’ ही आज्ञा धोक्याची आहे. रेषा चुकली तर रोबोट उरलेला सर्व वेळ भिंतीला धडका देत राहतो. रेषा ६० सेंटिमीटरवर असेल तर ‘रेषा दिसेपर्यंत किंवा ७५ सेंटिमीटर होईपर्यंत’ असे लिहावे. रेषा सापडली नाही तर ते काम सोडून रोबोटने भिंतीला टेकावे आणि पुढचे काम सुरू करावे. त्यामुळे एका कामाचे गुण जातात, पण बाकीचे वाचतात.

७. कामांचा क्रम गुण आणि वेळ पाहून ठरवणे. सर्वांत जास्त गुणांचे काम आधी करण्याचा मोह होतो. त्याऐवजी दर सेकंदाला किती गुण मिळतात ते काढावे. उदाहरणार्थ :

- काम अ : २० गुण, १० सेकंद. दर सेकंदाला २ गुण.
- काम ब : ३० गुण, ४० सेकंद. दर सेकंदाला पाऊण गुण.
- काम क : १५ गुण, ५ सेकंद. दर सेकंदाला ३ गुण.

येथे क, अ, ब हा क्रम योग्य. शिवाय जवळजवळची कामे एकाच फेरीत उरकावीत. जी वस्तू हलवल्यास गुण कापले जातात, तिच्या जवळून जाणारा रस्ता टाळावा.

खात्रीचा प्रोग्राम की धाडसाचा?

प्रत्येक प्रोग्राम किमान १० वेळा चालवून किती वेळा यश आले ते वहीत लिहावे. समजा एका प्रोग्रामला ८० गुण मिळतात आणि तो १० पैकी ९ वेळा यशस्वी होतो. दुसऱ्याला १२० गुण मिळतात, पण तो १० पैकी ५ वेळाच यशस्वी होतो. फसल्यास दोन्हींना शून्य.

एकच संधी असेल तर सरासरी गुण अनुक्रमे ७२ आणि ६० होतात. म्हणजे पहिला प्रोग्राम बरा. पण तीन फेऱ्यांपैकी सर्वोत्तम गुण धरले जात असतील तर गणित उलटते. दुसरा प्रोग्राम तीनपैकी निदान एकदा यशस्वी होण्याची शक्यता ८७.५ टक्के असते. त्यामुळे त्याची सरासरी १०५ होते, तर पहिला ८० च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणून गुण कसे मोजतात हा नियम सर्वांत आधी वाचावा. सर्वोत्तम फेरी धरली जात असल्यास पहिल्या फेरीत खात्रीचा प्रोग्राम चालवून गुण हातात घ्यावेत आणि पुढील फेऱ्यांत धाडस करावे.

पालकांनी काय करावे?

- नोंदणीपूर्वी नियमपुस्तिका पाहावी. कोणते साहित्य चालते, वयोगट कोणता आणि शुल्क किती, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेतच तपासावे. विशिष्ट कंपनीचेच साहित्य लागणाऱ्या स्पर्धेसाठी घरचे पैसे खर्च करण्यापूर्वी ते साहित्य लॅबमध्ये आहे का, हे विचारावे. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या फ्युचर इंजिनिअर्ससारख्या प्रकारात कोणत्याही कंपनीचे साहित्य वापरता येते.
- रोबोट मुलांनीच करू द्यावा. स्पर्धेच्या वेळी प्रशिक्षक किंवा पालकांना रोबोटला हात लावता येत नाही. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम घेऊन गेलेला संघ ऐनवेळी नवा नियम आला की अडकतो.
- सरावाची वेळ ठरवून घ्यावी. शाळा सुटल्यावर थांबणे मुलींना किंवा लांबून येणाऱ्या मुलांना अवघड जाते. मधल्या सुट्टीत किंवा शनिवारी लॅब उघडी ठेवता येईल का, याबाबत मुख्याध्यापकांशी बोलावे.
- वही जपावी. कोणत्या दिवशी काय बिघडले आणि कशाने सुधारले याची नोंद परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तर देताना उपयोगी पडते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरी संगणक नाही. मुलाला भाग घेता येईल का?
होय. भिंतीला टेकणे, कामांचा क्रम, रस्ता आणि सुटकेचा मार्ग हे सर्व कागदावर आखता येते. प्रोग्राम लॅबमधील संगणकावर लिहावा.

लॅबमध्ये मैदान नाही. सराव कुठे करावा?
जमिनीवर पांढरा फ्लेक्स अंथरून त्यावर काळी चिकटपट्टी लावावी. कडेला लाकडी पट्ट्या ठेवाव्यात. मापे नियमपुस्तिकेतून घ्यावीत.

बक्षीस मिळाले नाही तर मेहनत वाया जाते का?
नाही. मोजणे, नोंद ठेवणे, चूक शोधणे आणि ती चूक गृहीत धरून आखणी करणे, हे कौशल्य आयटीआय, पदविका किंवा अभियांत्रिकी अशा कोणत्याही मार्गावर उपयोगी पडते. पुढच्या वर्षी शाळेतील नव्या मुलांना शिकवण्यासाठीही याच मुलांना पुढे करावे. म्हणजे लॅबमधील साहित्य कपाटात बंद न राहता वापरात राहते.