नोंदीविना सैनिक : पहिल्या महायुद्धातील मराठा शिपायांच्या सेवेचा शोध – साधने, चिकित्सा आणि मर्यादा

प्रास्ताविक

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि त्यांतील सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मुंबई इलाख्यातून गेलेल्या शिपायांचा मोठा भाग रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतील होता व त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची रणभूमी आली. या भागांतील अनेक कुटुंबांत ‘पणजोबा बसऱ्याला गेले होते’ एवढेच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्या वाक्यामागील सेवेचा पुरावा शोधू लागल्यावर मात्र कागद सापडत नाही. प्रस्तुत लेखात हा अभाव का निर्माण झाला, तो असताना कोणती पर्यायी साधने वापरता येतात आणि त्यांच्या आधारे किती विधान करता येते, या तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

अभावाची कारणे

युद्धकालीन लष्करी नोंदी नष्ट झाल्याचा उल्लेख निघाला की सप्टेंबर १९४० मधील लंडनवरील बॉम्बहल्ल्याचा दाखला दिला जातो. त्या आगीत पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या सेवापत्रकांपैकी जवळजवळ साठ टक्के कागद जळाले. परंतु भारतीय शिपायांची सेवापत्रके तेथे नव्हतीच. शिपायाचा ‘शीट रोल’ आणि पलटणीचा ‘लाँग रोल’ हे भारतातील लष्करी कार्यालयांकडे असत. मराठा शिपायाच्या कागदांच्या अभावाचे खापर लंडनच्या आगीवर फोडणे म्हणूनच चुकीचे ठरते.

खरे कारण प्रशासकीय रचनेत आहे. शिपायाची नोंद ही पगार, निवृत्तिवेतन आणि वारसाची देणी यांसाठी ठेवली जाई. ही देणी संपली की तो कागद जपण्याचे प्रयोजनही संपत असे. अधिकाऱ्यांचे तसे नव्हते. त्यांची नावे छापील सैन्यसूचीत, राजपत्रात आणि पलटणीच्या युद्धदैनंदिनीत येत. त्याच दैनंदिनीत शिपायांच्या मृत्यूची नोंद बहुधा संख्येने होई.

दुसरे कारण संस्थेच्या आयुष्याशी निगडित आहे. ज्या पलटणी टिकल्या त्यांच्या परंपरेला व दप्तराला वारस मिळाला. ज्या मोडल्या त्यांना तो मिळाला नाही. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण याचे ठळक उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती थांबविण्यात आली होती. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अर्जविनंत्या केल्या. युद्धाच्या गरजेपोटी भरती पुन्हा सुरू झाली, पण १९२१ मध्ये ही पलटण विसर्जित झाली आणि महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडले. मधल्या वीस वर्षांत १११ व्या पलटणीच्या शिपायांची आठवण जपणारी वारस पलटणच नव्हती.

मौखिक स्मृतीची चिकित्सा

लेखी साधन नसताना संशोधक कुटुंबातील आठवणीकडे वळतो. ही आठवण मोलाची असली तरी तिची भाषा तपासून घ्यावी लागते. ‘बसऱ्याला गेले’ हा शब्दप्रयोगच पाहावा. बसरा हे मेसोपोटेमियातील सैन्याचे मुख्य बंदर होते. तेथे पायदळाचे शिपाई उतरले, तसेच मजूर तुकड्यांतील कामगार, हमाल, नदीवाहतुकीवरील खलाशी, स्वयंपाकी आणि भिस्तीही उतरले. युद्धविरामानंतरही तेथे भारतीय सैन्य राहिले आणि १९२० मधील बंड मोडण्यासाठी त्याचा वापर झाला. तेव्हा ‘बसऱ्याला’ या एका शब्दावरून व्यक्ती लढाऊ शिपाई होती, किंवा ती १९१८ पूर्वी गेली, असे ठरविता येत नाही.

पलटणीच्या नावाबाबतही अशीच दक्षता हवी. युद्धकाळात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा सहा क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या एकत्र येऊन ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली. १०३ वी तिची पहिली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी बटालियन झाली आणि ११४ वीकडे प्रशिक्षणाचे काम आले. आता एखाद्या घरात ‘ते पाचवीत होते’ असे सांगितले जात असेल तर त्याचे तीन अर्थ संभवतात : ‘काळी पाचवी’ या नावाने ओळखली जाणारी १०५ वी पलटण, १९२२ नंतरची संपूर्ण रेजिमेंट, अथवा तिची पाचवी बटालियन, म्हणजे पूर्वीची ११७ वी. यांपैकी कोणता अर्थ घ्यावा यावर ती व्यक्ती कुतच्या वेढ्यात होती की नव्हती, हा निर्णय अवलंबून राहतो. कारण वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या, १०५ वी नव्हती. शिवाय मराठा शिपाई केवळ मराठा पलटणींतच होते असेही नाही. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समध्येही ते होते.

पलटणीकडून माणसाकडे

पलटण निश्चित झाली की व्यक्तीच्या कागदांअभावीही तिच्या सेवेचा आराखडा उभा करता येतो. यासाठी सर्वांत विश्वसनीय घरगुती साधन म्हणजे पदक. ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदकाचा धातूही बोलका असतो : लढाऊ शिपायास ते चांदीचे मिळे, तर मजूर तुकड्यांतील माणसांना काशाचे दिले गेले. पदक मोडीत गेले असल्यास त्यावरील मजकूर कोणी उतरवून ठेवला होता का, हे विचारावे.

पलटण कळल्यावर तिची युद्धदैनंदिनी वाचता येते. मेसोपोटेमियातील तुकड्यांच्या दैनंदिन्या लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. लष्कर खात्याचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, तर इलाख्याच्या प्रशासनाचे कागद मुंबईच्या राज्य अभिलेखागारात पाहावयास मिळतात. कुतच्या बाबतीत मात्र सामूहिक कथनांवर अधिक विसंबावे लागते. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला आणि अखेरीस सैनिक व अनुचर मिळून सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. अनेक भारतीय कैद्यांना रास-अल-ऐन येथे लोहमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी यांच्या ‘अभि ले बगदाद’ या बंगाली पुस्तकात त्या कैदेचे प्रत्यक्ष वर्णन आहे. त्यावरून मराठा कैद्याची परिस्थिती समजून घेता येते. मात्र ते वर्णन एखाद्या विशिष्ट पूर्वजाचे चरित्र म्हणून वापरणे योग्य होणार नाही.

गावदप्तरातील पुरावा

लष्करी दप्तर जेथे संपते तेथे महसुली दप्तर उपयोगी पडते. १९१३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत महसूल संहितेत समाविष्ट झाली. त्यामुळे १९१४ नंतर मृत्यू पावलेल्या जमीनधारकाच्या वारसाचा फेरफार गावी सापडण्याची शक्यता असते. कोतवाल बुकातील, म्हणजे गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी हे दुसरे साधन होय. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. समुद्रापार मेलेल्याची नोंद गावच्या मृत्युनोंदीत येईलच असे नाही, परंतु वारसाच्या फेरफारात ती येऊ शकते. तसेच सात वर्षे ठावठिकाणा न लागलेली व्यक्ती मृत मानण्याचे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. म्हणून १९१६ मध्ये बेपत्ता झालेल्याचा फेरफार १९२३ च्या सुमाराचा आढळला तर आश्चर्य वाटू नये. फेरफाराचे साल हे मृत्यूचे साल नव्हे.

कोकणात आणखी एक अडचण येते. खोती गावांत शिपायाचे कुटुंब बहुधा कूळ असे. अशा वेळी खोताच्या दप्तरातील बोटखत पाहणे आवश्यक ठरते. जिल्ह्यांच्या सीमाही बदललेल्या आहेत. युद्धकालीन कागदात ‘रत्नागिरी’ असे असेल तर ते गाव आज १९८१ मध्ये निर्माण झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात असू शकते. ‘सातारा’ असे असेल तर आजच्या सांगली जिल्ह्यात. त्यात इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले गावाचे नाव आणि आडनाव यांची भर पडते. म्हणूनच नाव, वडिलांचे नाव, गाव आणि पलटण या चार बाबींपैकी किमान तीन जुळल्याशिवाय ओळख पटली असे मानू नये. ‘बाबू’, ‘रामा’, ‘गणू’ अशी नावे एकाच पलटणीत अनेकांची असत.

संख्येत हरवलेली माणसे

गावोगावच्या शिळांवर किती माणसे महायुद्धास गेली आणि त्यांपैकी किती मेली, एवढेच कोरलेले आढळते. नावे नसतात. हीच दृष्टी बसरा स्मारकातही दिसते. ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा ४० हजारांहून अधिक मृतांसाठी १९२९ मध्ये ते उघडले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीपुढील आकडा आला. १९९७ मध्ये हे स्मारकही मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या विशेष समितीने एप्रिल २०२१ मधील अहवालात ही विषमता मान्य केली. सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचे स्मरण नावानिशी झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असा तिचा अंदाज आहे. यात भारतीयांबरोबर आफ्रिका व इजिप्तमधील माणसांचाही समावेश आहे. आयोगाच्या नियमानुसार ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातील मृत्यू युद्धमृत्यू म्हणून विचारात घेतले जातात. सेवेत जडलेल्या आजाराने घरी परतून मरण पावलेला शिपाईही त्यात येऊ शकतो. त्यामुळे कोतवाल बुकातील एखादी ओळ केवळ कौटुंबिक कुतूहलाचा विषय राहत नाही. तिच्या आधारे एका माणसाचे नाव मृतांच्या यादीत समाविष्ट होण्याची शक्यता निर्माण होते.

पंजाबच्या बाबतीत गावनिहाय युद्धसेवेच्या नोंदवह्या लाहोर संग्रहालयात जतन झाल्या आणि तीन लाखांहून अधिक सैनिकांची माहिती त्यांतून मिळाली. त्या पंजाबपुरत्या असल्याने महाराष्ट्रातील संशोधकास त्यांचा उपयोग होत नाही. येथे ती माहिती गावदप्तरे, पदके आणि शिळा यांतून वेचून एकत्र करावी लागेल. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम करता येण्यासारखे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, शिपायाच्या नोंदीचा अभाव मुख्यतः वसाहतकालीन प्रशासनाने कोणाला नावाने व कोणाला संख्येने मोजले, याचा परिणाम आहे. हा अभाव भरून काढताना पुराव्याच्या तीन पायऱ्या स्पष्ट ठेवणे आवश्यक आहे. नाव व पलटण असलेले पदक किंवा समकालीन कागद असेल तर सेवा सिद्ध होते. मौखिक स्मृती, फेरफार आणि पलटणीचा इतिहास परस्परांशी जुळत असतील तर ती संभाव्य ठरते. केवळ स्मृती असेल तर ती शक्य मानावी आणि तसेच लिहावे. ज्याला एकदा आकड्यात मिटविले गेले, त्याच्या नावावर दुसऱ्याचे शौर्य चढविणे हाही त्याच्यावर अन्यायच होय. त्याच्याविषयी जेवढे खरे सांगता येते तेवढेच, परंतु त्याच्या नावानिशी, नोंदविले जाणे हे या संशोधनाचे साध्य असावयास हवे.