नैराश्य : शरीराच्या तक्रारींआड दडणारा आजार

पाठदुखी, डोके जड होणे, छातीत धडधड, झोप न लागणे, दिवसभर थकवा. अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात आलेल्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी होते, प्रसंगी हृदयाचा आलेख काढला जातो. सर्व अहवाल निर्दोष येतात आणि शक्तिवर्धक गोळ्या देऊन त्याची बोळवण केली जाते. यांपैकी काही रुग्णांना प्रत्यक्षात नैराश्याचा विकार असतो. भारतात हा आजार बहुधा शारीरिक तक्रारींच्या रूपाने डॉक्टरांसमोर येतो आणि म्हणूनच निसटतो.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील प्राथमिक आरोग्यसेवेत केलेल्या अभ्यासांतून हेच पुढे आले. रुग्ण अंगदुखी, अशक्तपणा आणि झोपेविषयी बोलत. मनाचा विषय निघाला तर ‘टेन्शन’ हा शब्द येई. ‘मन उदास आहे’ असे आपणहून सांगणारे थोडेच. तथापि थेट विचारल्यावर बरेच जण मोकळेपणाने बोलतात, हा अनुभव आहे.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने ग्रासलेले असते. स्त्रियांमध्ये, ४० ते ४९ या वयोगटात आणि महानगरांत हे प्रमाण अधिक आढळले. त्याच सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसून आले.

दुःख आणि आजार

आप्ताचा मृत्यू, परीक्षेतील अपयश किंवा नोकरी जाणे यांमुळे होणारे दुःख स्वाभाविक आहे. अशा दुःखात मधूनच हसू येते, आवडीच्या माणसाच्या येण्याने बरे वाटते. नैराश्यात हा दिलासा लाभत नाही. जवळजवळ दिवसभर टिकणारी उदासी अथवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, यांपैकी एक तरी लक्षण किमान दोन आठवडे असले आणि त्याला इतर लक्षणांची जोड मिळाली, की नैराश्याचे निदान केले जाते. भूक व वजन घटणे किंवा वाढणे, पहाटे फार लवकर जाग येणे, लक्ष न लागणे, निर्णय न घेता येणे, अपराधीपणाची भावना आणि मरणाचे विचार ही ती इतर लक्षणे होत. सकाळी मन अधिक जड असणे व सायंकाळकडे थोडे हलके वाटणे हेही काही रुग्णांत दिसते.

किशोरवयीन मुलांत उदासीपेक्षा चिडचिड ठळक असते. घरात ती उर्मटपणा समजली जाते. वृद्धांत विस्मरण आणि मंदपणा दिसतो व ‘वय झाले’ म्हणून विषय संपवला जातो. प्रसूतीनंतरच्या नैराश्याकडे तर आनंदाच्या गडबडीत कोणाचे लक्षच जात नाही.

कारणे

एकच एक कारण सहसा सापडत नाही. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक बदल, बालपणीचे आघात, कर्ज, घरगुती हिंसा, एकाकीपणा आणि दीर्घ आजारपण यांचा परिणाम एकत्रित असतो. थायरॉइड ग्रंथीची मंद गती, रक्तक्षय आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव यांतही तशीच लक्षणे दिसतात. त्यामुळे शारीरिक तपासणी आवश्यकच असते. मात्र अहवाल निर्दोष आल्यानंतर चौकशी तेथेच थांबू नये. मद्याने काही काळ बरे वाटते, पण नैराश्य वाढते. मनाचा कमकुवतपणा हे कारण मात्र कोणत्याही वैद्यकीय वर्गीकरणात नाही.

उपचार

सौम्य नैराश्यात समुपदेशन व मानसोपचार पुरेसे ठरू शकतात. तीव्र नैराश्यात औषधांची जोड लागते. नैराश्यविरोधी औषधांचा गुण येण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडून देणारे रुग्ण कमी नाहीत. या औषधांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही, परंतु ती एकाएकी बंद केल्यास त्रास होतो. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, बेसुमार खर्चाचे किंवा झोपेविना राहण्याचे दिवस आले असतील तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण तो द्विध्रुवी विकार असू शकतो व त्याचे उपचार वेगळे असतात.

आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. रुग्ण मरणाचे बोलू लागल्यास त्याला एकटे सोडू नये; कीटकनाशके व औषधांचा साठा त्याच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो अहोरात्र चालू असतो. त्यावर मराठीतूनही बोलता येते आणि रुग्णाप्रमाणेच त्याच्या नातेवाइकांनाही सल्ला मिळतो.