कोवळ्या वयातील देशाटन

नाशिक हे वाटसरूंचे गाव आहे. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ सोडा, एरवीही रामकुंडावर पहाटेपासून परगावची माणसे दिसतात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या त्र्यंबकेश्वराची वाट चालू लागतात. या गर्दीकडे पाहताना माझ्यासारख्या शाळामास्तराच्या मनात एक विचार येतो. प्रवास हा आपल्याकडे उतारवयाचा हक्क मानला गेला. मुलांची लग्ने झाली, नातवंडे खेळू लागली, की मग काशी आणि रामेश्वर! देशाटनाने चातुर्य येते, असे सांगणारी आर्या आपण मुलांकडून घोकून घेतो. पण गाठोडे बांधायची वेळ आली, की पुढे होतात ते आजोबा.

आमच्या या परिसराने मात्र निराळ्या आठवणी जपल्या आहेत. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, विठ्ठलपंतांच्या कुटुंबाची पांगापांग झाली आणि वाट चुकलेल्या बाल निवृत्तीला गुहेत गहिनीनाथ भेटले. शहरालगतच्या टाकळीची कथाही अशीच. जांब गावचा बारा वर्षांचा नारायण लग्नमंडपातून निघाला तो पंचवटीस आला. पुढे त्यालाच आपण समर्थ रामदास म्हणून ओळखू लागलो. या परंपरागत कथा आहेत. त्यांच्याकडे दस्तऐवज मागू नये. पण थोर माणसांच्या घडणीचा आरंभ लोकांनी कोवळ्या वयात घराबाहेर पडण्यात पाहिला, एवढे त्यांवरून नक्की कळते.

आता ज्यांची नोंद कागदोपत्री आहे, अशांकडे वळू. १८७५ साली कोकणातील मुरुडचा एक सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेसाठी निघाला. मुंबईची बोट मिळेना, तेव्हा तो सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. शंभर मैलांहून अधिक वाट तुडवून तो परीक्षकांपुढे उभा राहिला, तर ते म्हणाले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस! परीक्षेला बसू न देताच त्याला परत पाठवले. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे कोल्हापुरास त्यांनी ती परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाले. साताऱ्याची खेप वाया गेली असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गावात जो कोणाचा तरी मुलगा असतो, तो परमुलखात केवळ एक अनोळखी पोर असतो. तेथे अपमान एकट्याने गिळावा लागतो आणि परतीची वाटही आपल्याच पायांनी चालावी लागते. १८९३ साली विधवेशी विवाह केल्याबद्दल ज्यांनी बहिष्कार सोसला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभारले आणि १९२९ साली सत्तरी उलटल्यावर जगप्रवासाला प्रस्थान ठेवले, त्या अण्णांच्या पायांना ही चाल लहानपणापासूनची होती.

दुसरे उदाहरण आमच्या त्र्यंबकेश्वरचे. १८७० साली तेथे जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलगाही पोथीपाशीच बसायचा. परंतु वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब घाट उतरले. १८८५ साली, पंधराव्या वर्षी, धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून बडोद्यास गेले आणि कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असे जे समोर आले ते हाताखालून घालू लागले. ज्याला कोवळ्या वयात गाव बदलण्याची सवय झाली, त्याला १९१२ साली चित्रपटाची विद्या शिकायला थेट लंडन गाठण्याचे भय वाटले नाही. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत झळकला आणि त्याच वर्षी दादासाहेब आपले बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. गावाबाहेर गेलेला मुलगा गावाला दुरावतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण हे दोघे मुलगे. मुलींचे काय?

माझ्या वर्गात एक मुलगी होती. गोदावरीचा १४६५ किलोमीटरांचा मार्ग ती नकाशात न पाहता काढी. पण गोदेचा उगम तिने पाहिला नव्हता. सहलीचे पत्र घरी गेले, की मुलांच्या पालकांच्या सह्या दुसऱ्या दिवशी येतात. मुलींच्या पत्रांना आठवडा लागतो आणि काही परत येतच नाहीत. हिचे पत्र आले नाही. मी तिच्या वडिलांना भेटलो. गृहस्थ सज्जन होते. "गुरुजी, दिवस बरे नाहीत," एवढेच ते बोलले.

त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना अठरावे पुरे होऊन आठवडाच झाला होता. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पण क्षयाने त्यांना गाठले आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात निवर्तल्या. प्रवास देतो तसा घेतोही. मात्र त्या अंधारात उडी घेऊन गेल्या नव्हत्या, हेही पाहा. कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार आधी तीन वर्षे चालू होता. पलीकडच्या किनाऱ्यावर ओळखीचे घर वाट पाहत होते. आणि आपण का जातो हे त्यांनी श्रीरामपूरच्या सभेत चार लोकांपुढे स्वतः उभे राहून सांगितले होते. भीतीवर उतारा असेल, तर तो हाच. दार लावून न घेता तयारी करून द्यावी.

हेच मी त्या वडिलांना सांगितले. पुढच्या वर्षी, दोन मैत्रिणी आणि एक बाई सोबत आहेत असे पाहून, त्यांनी सही केली. ब्रह्मगिरीवर गोदेची ती बारीकशी धार पाहून मुलगी बराच वेळ गप्प होती. उतरताना मात्र घाबरलेल्या मैत्रिणींना पायऱ्यांवर हात देत होती. घरात तिला कोणी अशी पुढे चालताना पाहिली नसावी.

दिवाळीच्या सुटीत आपण मुलांना मामाच्या गावी घेऊन जातो. वाचकहो, यंदा एवढेच करा. तिकीट त्यांना काढू द्या, गाडी चुकली तर चौकशी त्यांनाच करू द्या, उतरल्यावर रस्ता त्यांनाच विचारू द्या. तुम्ही दोन पावले मागून चला. आणि घरात मुलगा व मुलगी दोघेही असतील, तर पिशवी आणि पैसे आधी मुलीच्या हाती द्या.