बाळंतिणीचा मान

या वीकांताला कोड बाजूला ठेवून जरा इतिहासात डोकावलो. विषय आपल्या चहाच्या टपरीवरच्या गप्पांत न येणारा : बाळंतपणात बाईला मिळणारी वागणूक. हे काहीतरी नवीन, बाहेरून आलेलं फॅड आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं ते नाही.

गोष्ट १८६३ ची. पुण्यात एका ब्राह्मण विधवेने लोकलाजेपायी आपलं नवजात मूल मारलं आणि तिला जन्मठेप झाली, काळं पाणी. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मग आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल घेऊन जा किंवा इथेच ठेवा. १८८४ मध्ये जोतिरावांनी हिशोब मांडला : तोवर ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या, पण मुलं जगली फक्त पाच. बाकीची का गेली? तर पोट लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे.

हा आकडा वाचून मी थांबलोच. म्हणजे दार उघडं होतं, पण त्या दारापर्यंत पोचायच्या आधीच लाजेने आपलं काम केलेलं होतं.

पुढचं नाव डॉ. रखमाबाईंचं. नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारून कोर्टात लढलेल्या त्याच त्या. लंडनला डॉक्टरकी शिकून १८९५ च्या सुमारास त्या सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात रुजू झाल्या. सांगतात की बायका तिथे बाळंत व्हायला घाबरायच्या, म्हणून रखमाबाईंनी चक्क एका गाभण शेळीला आणून तिचं बाळंतपण इस्पितळात केलं! बायकांना अडाणी म्हणून मोकळं होण्यापेक्षा त्यांनी आधी भीती घालवायचं बघितलं.

सुरत आमच्यापासून तशी लांब नाही. आमची तापीच पुढे तिकडे जाते. माझं गाव पुरुषोत्तमनगर, तालुका शहादा; साखर कारखान्यामुळे ओळखलं जाणारं. उत्तरेला सातपुडा, वर धडगाव आणि अक्कलकुवा. तिथल्या पाड्यांवरून आजही कधी कधी बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. एवढं करून ती खाली पोचते, तर तिची भाषा पावरी नाहीतर भिली, आणि समोर प्रश्न मराठीतून.

पण मराठी येऊन तरी काय? माझ्या मावशीला पहिल्या वेळी कळा सोसवेनात म्हणून ती ओरडली, तर आयाबाई म्हणाल्या, "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?" मूल ठणठणीत, मावशी ठणठणीत, कागदोपत्री सगळं 'नॉर्मल'. दुसऱ्या खेपेला मात्र ती दवाखान्यात जायला तयारच होईना. तर मुद्दा असा की अपमान कुठल्या रजिस्टरमध्ये चढत नाही, पण पुढच्या वेळी बाई येणार की नाही हे तोच ठरवतो.

देशात २००५-०६ मध्ये शंभरातली ३९ बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ मध्ये ८९. ही प्रगती खरीच मोठी आहे. पण दारातून आत आलेल्या बाईशी कसं वागायचं, हे कागदावर यायला वेळ लागला. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला घरची बाई ठेवायला मुभा दिली. आडोसा नीट असेल तिथे नवराही चालतो. डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आला आणि लेबर रूमच्या तपासणीत पडदा, सोबत आणि सन्मानाची वागणूक यांचाही विचार होऊ लागला.

अर्थात नियम असणं वेगळं आणि पाळला जाणं वेगळं, हे आपल्या धंद्यात तरी कुणाला सांगायला नको.

असो. तुमच्या घरी कुणाला दिवस गेले असतील तर नाव घालताना पॅकेज आणि एसी रूम यांच्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : "कळा सुरू झाल्यावर तिच्याजवळ आमच्यातलं कोण थांबू शकतं?" उत्तर देताना समोरचा कपाळाला आठ्या घालतो का, तेही बघा. बरंच काही कळतं.