एकट्याने धक्क्याला लागताना

रत्नागिरीत आगबोटीचा जमाना आठवणारे लोक सांगतात, आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावात बसून किनाऱ्याला यायचे. पडावावरही तांडेल सुकाणूवर, खलाशी दोरावर. म्हणजे किनाऱ्याला लागणं हे आपल्याकडे एकट्याचं काम नव्हतंच!

मग नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटेच निघाले. ५६ फुटी शिडाची 'म्हादेई', गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. मे २०१० मध्ये ते परतले, एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून. वाटेत चार मुक्काम: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन. पुढे २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता १५१ दिवसांत फिरून आले.

न थांबता जाणं अवघड, यात वादच नाही. पण थांबणंही सोपं नाही हो! बोटीला ब्रेक नसतो. वेग फार कमी केला तर ती सुकाणूचं ऐकत नाही, वारा नेईल तिकडे जाते. हात दोन, कामं तीन: सुकाणू, इंजिन, दोर. (आमच्या भाषेत सिंगल थ्रेड!) म्हणून दोर आधीच लावून ठेवायचे, आणि पहिला बांधायचा तो बोटीच्या मध्यावरचा. नाही जमलं तर सरळ वळून पुन्हा बाहेर. जुने तांडेलही भरतीसाठी खाडीबाहेर थांबायचेच की.

भर समुद्रात चूक सावरायला मैलोन्‌मैल पाणी असतं. धक्क्यापाशी हातभर.