बिनपाण्याच्या गाडीतली ऊब

बजाजच्या जुन्या स्कूटरच्या इंजिनावरचा पत्रा काढला की धातूच्या पातळ पात्यांची रांग दिसते. पाणी नाही, रेडिएटर नाही. पंख्याचा वारा पात्यांवरून जातो आणि उष्णता घेऊन निघून जातो. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत आखलेल्या फोक्सवॅगन बीटल मोटारीचे इंजिनही असेच वाऱ्यावर थंड होई. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे आपण वर्गात शिकवतोच. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभ्या गाडीत असे झाले तर ओतीव लोखंडही तडकते. पाणीच नको म्हटले की प्रश्न मिटला.

मिटला तो इंजिनाचा. माणसांचे काय? इतर बहुतेक मोटारींत इंजिनाचे गरम पाणी नळीने फिरवून आतली हवा तापवत. बीटलमध्ये ते पाणीच नव्हते. म्हणून सिलिंडरवरून आलेली तापलेली हवाच आत सोडली. ऊब आली, पण सोबत तेलाचा वासही आला. १९६३ च्या गाड्यांपासून ही रचना बदलली. पंख्याची ताजी हवा धुराच्या नळीभोवतीच्या पात्यांच्या कवचातून जाऊन तापे आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून प्रवाशांच्या पायांशी पोहोचे. धूर आणि श्वासाची हवा यांच्यामध्ये उरली ती फक्त धातूची एक भिंत!

या वाटेवर सांधे आले, आणि सांधे म्हणजे सील. शिवाय इंजिनाभोवती एक लांब रबरी पट्टी असते. वरची थंड हवा आणि खालची सायलेन्सरजवळची गरम हवा ती वेगळी ठेवते. उष्णता आणि ऑक्सिजन यांच्यामुळे रबराच्या रेणूंमध्ये जादा बंध तयार होतात व ते कडक होऊन चिरते. उन्हात पडलेले रबरबँड पाहा. पट्टी अशी फाटली की पंखा खालची गरम हवा ओढू लागतो. इंजिन तापते, आणि सायलेन्सर गळका असेल तर तोच धूर आत येतो.

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत त्यासाठीच कॅनरी पक्षी नेत. चालकाचे डोके जड होते, झोप येते. त्याला वाटते, प्रवासाचा शीण.

शेवटची जुन्या घडणीची बीटल मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली. तोवर अशा २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. त्यांतल्या उरलेल्या गाड्या आज हौसेने दुरुस्त होतात. पहिला खर्च बहुधा रंगावर होतो. माझ्या मते तो शेवटी व्हावा. आधी इंजिन उतरवावे, सील बोटांत वाकवून पाहावीत आणि चिरलेली बदलावीत. पण त्याहीआधी कवचातली धुराची नळी गंजून भोक पडले आहे का, ते तपासावे. नळी फुटकी ठेवून सील तेवढी नवी बसवली, तर पूर्वी वाटेतच गळून जाणारा विषारी वायू आता न गळता थेट गाडीत पोहोचतो.