यंत्र आलं, बाईचं काय झालं?

ब्राह्मणपुरीच्या शिवारात कापूस वेचताना आम्हा बायकांत एक विषय हमखास निघतो. शहरातल्या कारखान्यांत यंत्रमानव म्हणजे रोबो आले, उद्या वेचणीचं यंत्र आपल्या वावरात आलं तर? मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या बायकांपुढे असाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उभा होता.

१९२०च्या दशकात त्या गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. बहुतेकजणी रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर. मजुरी उक्ती. जेवढं सूत गुंडाळाल तेवढे पैसे. सूत उशिरा आलं की नुसतं बसून राहायचं, त्या वेळेची मजुरी नाही.

मग मालकांनी ठरवलं, दोन माग चालवणाऱ्याने तीन चालवावेत. याविरुद्ध १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. संप सहा महिने चालला. त्या काळात उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी गिरणीतल्या बायकांना एकत्र केलं. कामगार यंत्रावर रागावले नव्हते. एकाच्या अंगावर जास्तीचं काम आणि शेजारच्याच्या घरी बेकारी, हे त्यांना सोसवत नव्हतं.

पुढे वेगवान यंत्रं आली, रात्रपाळी वाढली. रात्री बायकांना गिरणीत काम करायला कायद्याची मनाई होती, त्यामुळे नव्या यंत्रांवर पुरुष लागले. १९८० पर्यंत बायका मोजक्याच उरल्या. काम हलकं झालं आणि बाईच्या हातून गेलं.

आता आपल्या गावची पिठाची गिरणी आठवा. जातं सुटलं म्हणून घरच्या बाईला वाईट वाटलं नाही. पहाटेची झोप तिच्याच पदरात पडली. पण दुसऱ्याचं दळण दळून पोट भरणाऱ्या बाईचं काम गेलं. गिरणी तीच, एकीला सुख, दुसरीला उपास.

कामाचं समाधान कशात असतं, ते यातून कळतं. अंगमेहनत कमी व्हावी, मजुरी बुडू नये आणि आपल्याला विचारून ठरावं. म्हणून यंत्र गावात येण्याआधीच गटाच्या बैठकीत तीन प्रश्न मांडू या. ते चालवायला कोण शिकणार? वाचलेला पैसा कोणाकडे जाणार? आणि ज्यांची वेचणी जाईल, त्यांना दुसरं काम कोणतं?

पाठ तर आजही दुखतेच, बायांनो. ती दुखायची थांबावी, पण चूल पेटती राहून.